प्लाझ्मिड, जिवाणू आणि जनुकांचं क्लोनिंग: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि अधूनमधून एखादे ऊसवाले काका, या तिघांकडून येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. पुस्तकात चार-पाच चित्रांत संपणारं हे काम प्रयोगशाळेत आठवडे का खातं, हा बहुतेक प्रश्नांचा गाभा. डीएनएचे दोन तुकडे जोडणं हा त्यातला छोटा भाग. लाखो जिवाणूंतून नेमका हवा तो जिवाणू हुडकून काढणं, हे खरं काम.

जनुकाचं क्लोनिंग म्हणजे डॉली मेंढीसारखं काही असतं का?

नाही. १९९६ साली जन्मलेली डॉली ही अख्ख्या प्राण्याची प्रत होती. इथं आपण डीएनएचा एकच तुकडा घेतो आणि त्याच्या हुबेहूब प्रती जिवाणूकडून काढून घेतो. अख्ख्या जीवाचं क्लोनिंग बघायचंच असेल तर लांब जायला नको. शिरोळ, कागल, करवीर, कुठल्याही शिवारात को ८६०३२ चा फड बघा. बी न पेरता टिपरी लावून वाढवलेला तो ऊस म्हणजे एकाच मूळ झाडाच्या प्रती. शेतकऱ्याला त्याचं काही अप्रूप नाही.

पण एका जनुकाच्या एवढ्या प्रती हव्यात कशाला?

माणसाच्या एका जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या एका पूर्ण संचात, सुमारे ३०० कोटी बेस जोड्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) असतात. इन्सुलिनचं जनुक त्यात जेमतेम १,४०० जोड्यांचं. एवढ्या पसाऱ्यात त्याचा अभ्यास करायचा, त्यात बदल करायचा किंवा त्यापासून प्रथिन बनवायचं, तर आधी ते सुटं करून भरपूर प्रमाणात हातात यायला हवं. ई. कोलाय हा जिवाणू चांगलं खाद्य आणि ३७ अंश तापमान मिळालं की साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. नुसता हिशोब केला तर एका पेशीच्या १० तासांत ३० दुपटी होतात, म्हणजे १०० कोटींवर पेशी. संध्याकाळी फ्लास्क शेकरवर लावून घरी जायचं, सकाळी माल तयार.

आता पीसीआरनेही, म्हणजे जिवाणूशिवाय ट्यूबमध्येच, डीएनएच्या प्रती काढता येतात, मग जिवाणू कशाला, असं मुलं विचारतात. पीसीआरची प्रत ट्यूबमध्येच राहते आणि संपते. प्लाझ्मिडमध्ये बसवलेलं जनुक ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशाला ठेवलं, की वर्षानुवर्षं टिकतं आणि हवं तेव्हा पुन्हा वाढवता येतं. शिवाय त्या जनुकापासून प्रथिन बनवायचं तर बहुधा जिवंत पेशी लागते.

प्लाझ्मिड म्हणजे काय?

जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त त्याच्या पेशीत असलेलं, स्वतःच्या बळावर दुप्पट होणारं डीएनएचं छोटं कडं. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली त्याला हे नाव दिलं. ई. कोलायचं गुणसूत्र सुमारे ४६ लाख जोड्यांचं, तर आपण वापरतो ते पीयूसी-१९ हे प्लाझ्मिड फक्त २,६८६ जोड्यांचं. त्याच्या आधीचं गाजलेलं पीबीआर-३२२ हे ४,३६१ जोड्यांचं.

कामाच्या प्लाझ्मिडमध्ये तीन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे प्रती काढायला जिथून सुरुवात होते ती जागा. तिच्यावर पेशीत किती प्रती राहतील ते ठरतं. पीबीआर-३२२ च्या साधारण १५ ते २० असतात, पीयूसीच्या काहीशे. दुसरी, अँटिबायोटिकला तोंड देणारं जनुक, म्हणजे अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर प्लाझ्मिड घेतलेले जिवाणूच जगतात. आणि तिसरी, आपला तुकडा घालण्यासाठी अनेक एन्झाइमांच्या कापण्याच्या जागा ओळीनं मांडलेला छोटा पट्टा.

निसर्गातही प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. दवाखान्यांत औषधांना न जुमानणारे जंतू इतक्या वेगानं पसरतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. आपण प्रयोगशाळेत तीच युक्ती उसनी घेतली आहे.

हे सगळं सुरू कुणी केलं?

पॉल बर्ग यांनी १९७२ साली दोन वेगळ्या विषाणूंचे डीएनए ट्यूबमध्ये जोडून दाखवले. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन, हर्बर्ट बॉयर आणि त्यांचे सहकारी अ‍ॅनी चँग आणि रॉबर्ट हेलिंग यांनी पीएससी-१०१ या प्लाझ्मिडमध्ये बाहेरचा डीएनए घालून तो ई. कोलायमध्ये वाढवला. पुढच्याच वर्षी बेडकाचा डीएनए जिवाणूत वाढवून दाखवला गेला आणि खळबळ उडाली. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथं शास्त्रज्ञ जमले आणि स्वतःच्याच कामावर बंधनं कशी घालायची ते ठरवलं. डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांसाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं, बर्ग यांना १९८० चं. कोहेन आणि बॉयर यांना मात्र नोबेल मिळालं नाही. मला हे अजून पटलेलं नाही.

रेस्ट्रिक्शन एन्झाइम जिवाणूचा स्वतःचाच डीएनए का कापत नाही?

रेस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणजे डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून तिथं कापणारा जिवाणूचा एन्झाइम. तीच अक्षरं स्वतःच्या डीएनएवर आली, की जिवाणू त्यावर मिथाइल गटाची खूण चिकटवून ठेवतो. खूण असलेल्या जागेला एन्झाइम हात लावत नाही. बाहेरून घुसलेल्या विषाणूच्या डीएनएवर ही खूण नसते, म्हणून तो कापला जातो.

आपल्या कामात सर्वांत जास्त भेटणारा इकोआर-वन हा जी-ए-ए-टी-टी-सी अशी सहा अक्षरं ओळखतो आणि जी व ए यांच्यामध्ये कापतो. दोन्ही धाग्यांवर काप थोडा सरकलेला असल्यानं चार अक्षरांची टोकं लोंबत राहतात. त्याच एन्झाइमने कापलेलं दुसरं कुठलंही टोक त्याच्याशी जुळतं, मग ते माणसाचं असो की बेडकाचं. सहा अक्षरांची ठरावीक ओळ सरासरी ४,०९६ अक्षरांत एकदा येते. म्हणून एन्झाइम निवडण्याआधी तो आपल्या जनुकाच्या पोटातच कापत नाही ना, हे संगणकावर तपासायचं. हे दोन मिनिटांचं काम न केल्यामुळं महिना गेलेले प्रकल्प दरवर्षी दिसतात.

दोन टोकांना दोन वेगळे एन्झाइम वापरावेत, उदाहरणार्थ एका बाजूला इकोआर-वन आणि दुसऱ्या बाजूला हिंड-थ्री. मग तुकडा एकाच दिशेनं बसतो आणि रिकामं प्लाझ्मिड स्वतःशीच जुळून बंद होण्याची शक्यताही घटते. प्रायमरच्या (पीसीआर जिथून सुरू होतो त्या छोट्या डीएनए तुकड्याच्या) टोकावर ही कापण्याची जागा घालताना तिच्याही पलीकडं आणखी चार-सहा अक्षरं ठेवा. अगदी काठावर बसून बरेच एन्झाइम नीट कापत नाहीत.

एन्झाइम जास्त घातला तर काम लवकर होईल ना?

उलट बिघडेल. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतो. मिश्रणात ग्लिसरॉल ५ टक्क्यांवर गेलं की इकोआर-वनसारखे एन्झाइम मिळत्याजुळत्या पण चुकीच्या जागीही कापू लागतात. एन्झाइम एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

लायगेशनला व्हेक्टर आणि इन्सर्ट किती घ्यायचे?

लायगेशन म्हणजे कापलेले तुकडे जोडणं, व्हेक्टर म्हणजे कापलेलं प्लाझ्मिड आणि इन्सर्ट म्हणजे त्यात घालायचा आपला तुकडा. वजनावर जाऊ नका, रेणूंच्या संख्येवर जा. नेहमीचं प्रमाण एका व्हेक्टरला तीन इन्सर्ट. समजा पीयूसी-१९ चे ५० नॅनोग्रॅम घेतले आणि इन्सर्ट ९०० जोड्यांचा आहे. ५० गुणिले ९०० भागिले २,६८६ म्हणजे १६.८ नॅनोग्रॅम झाले एकास एकसाठी. त्याची तिप्पट, म्हणजे साधारण ५० नॅनोग्रॅम. टी-फोर लायगेज हा जोडणारा एन्झाइम, त्याला ऊर्जा देणारं एटीपी असलेलं बफर, आणि रात्रभर १६ अंश.

लायगेजच्या बफरकडं दुर्लक्ष होतं. त्यातलं एटीपी वारंवार गोठवून वितळवलं की खराब होतं. नवीन बाटली आली की लगेच छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा आणि एक ट्यूब एकदाच वापरा.

४२ अंशाचा झटका कशासाठी? पेशी मरत नाहीत का?

काही मरतात. पण जोडलेला डीएनए जिवाणूत शिरायला हा झटका लागतो. डीएनएवर ऋण भार असतो आणि जिवाणूच्या आवरणावरही. कॅल्शियम क्लोराइडमधलं कॅल्शियम हे दोन्ही भार झाकतं आणि डीएनए आवरणाजवळ येऊ शकतो. बर्फात अर्धा तास ठेवून एकदम ४२ अंशाला ३० ते ९० सेकंद नेलं, की आवरणात उलथापालथ होऊन काही पेशींत डीएनए शिरतो. नेमका कसा शिरतो यावर अजून वाद आहेत. मग परत बर्फ, मग अँटिबायोटिक नसलेलं खाद्य देऊन ३७ अंशाला एक तास. हा तास वाचवू नका. प्रतिकाराचं प्रथिन बनायला पेशीला वेळ लागतो, त्याआधीच अँपिसिलिन या अँटिबायोटिकवर टाकली तर ती मरते.

बर्फाचं मशीन नसलेल्या कॉलेजांत लादी आणून फोडतात. चालतं. पण मोठे खडे नकोत, चुरा हवा. खड्यांच्या मधल्या हवेत ट्यूब गार होत नाही.

माझ्या कॉम्पिटंट पेशी चांगल्या आहेत हे कसं कळणार?

कॉम्पिटंट म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या पेशी. त्या चांगल्या आहेत का ते मोजून कळतं. १०० पिकोग्रॅम न कापलेलं पीयूसी-१९ घाला, शेवटी एकूण १ मिलिलिटर झालं तर त्यातलं १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरा. समजा ८० कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले जिवाणूंचे ठिपके) आल्या. पूर्ण मिलिलिटरमध्ये ८००, आणि १०० पिकोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा दहा हजारावा भाग, तेव्हा एका मायक्रोग्रॅमला ८० लाख. आपल्याच लॅबमध्ये बनवलेल्या पेशींसाठी हा आकडा छान आहे. विकतच्या पेशी याच्या दहापट ते शंभरपट देतात.

प्लेटवर एकही कॉलनी आली नाही. आता?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि तो विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, कंट्रोल प्लेट, म्हणजे तुलनेसाठी लावलेल्या प्लेटा, कुठं आहेत? त्या लावल्या नसतील तर कुणालाच उत्तर देता येणार नाही, मलाही नाही. मुलं प्लेट वाचवायला कंट्रोल टाळतात. मग तोच प्रयोग तीनदा करावा लागतो आणि जास्त प्लेटा खर्ची पडतात.

पहिली कंट्रोल, पेशी साध्या खाद्यावर, अँटिबायोटिकशिवाय. इथं गालिचा यायला हवा. नाही आला तर पेशीच मेल्या आहेत. दुसरी, डीएनए न घातलेल्या पेशी अँपिसिलिनवर. इथं काहीच यायला नको. आलं तर अँपिसिलिन खराब आहे किंवा गरम खाद्यात घातलं गेलं. ते ५० ते ५५ अंशाला, फ्लास्क हाताला सोसवेल इतका झाल्यावरच घालायचं. तिसरी, न कापलेलं प्लाझ्मिड. इथं भरपूर कॉलन्या हव्यात. चौथी, कापलेलं व्हेक्टर, लायगेज न घालता. इथं जेवढ्या येतील तेवढं तुमचं व्हेक्टर न कापलेलं राहिलं आहे. पाचवी, कापलेलं व्हेक्टर लायगेजसह, पण इन्सर्टशिवाय. इथं चौथीपेक्षा खूप जास्त आल्या तर व्हेक्टर स्वतःशीच जुळतं आहे, फॉस्फेटेजने त्याच्या टोकांचे फॉस्फेट काढा.

आता बघा, तिसरी प्लेट भरली आणि मुख्य प्लेट रिकामी, तर पेशी, प्लेट, झटका सगळं ठीक आहे. दोष लायगेशनमध्ये किंवा त्याच्या आधी. तिसरीही रिकामी आणि पहिली भरलेली, तर पेशी जिवंत आहेत पण कॉम्पिटंट नाहीत. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आणि प्लेट गच्च भरून आली तर पेढे वाटायचे का?

थांबा जरा. मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक ठिपके दिसत असतील तर ते उपरे आहेत. प्रतिकार असलेली कॉलनी जो बीटा-लॅक्टमेज एन्झाइम बाहेर सोडते, तो आसपासचं अँपिसिलिन खाऊन टाकतो आणि तिथं प्लाझ्मिड नसलेले जिवाणूही वाढतात. प्लेट १६ तासांनी बाहेर काढा. रविवार आला म्हणून सोमवारपर्यंत ठेवली तर हे होणारच.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, प्लेटवर बुरशीही येते. अँपिसिलिन तिचं काही करत नाही. कापसासारखी, काठाला उंच वाढणारी असेल तर ती प्लेट उघडू नका, तशीच ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) द्या.

निळ्या-पांढऱ्या कॉलन्यांचं काय प्रकरण आहे?

पीयूसी-१९ मध्ये लॅक-झेड जनुकाचा एक भाग आहे आणि तुकडा घालायची जागा त्याच्या मधोमध. जागा रिकामी असेल तर डीएच-५-अल्फा या ई. कोलायच्या जातीसारख्या यजमानात (प्लाझ्मिड वाढवणाऱ्या जिवाणूत) पूर्ण एन्झाइम तयार होतो आणि तो प्लेटमधल्या एक्स-गॅल या रसायनाला निळं करतो. तुकडा बसला की एन्झाइम मोडतो, कॉलनी पांढरी राहते. म्हणजे आपल्याला पांढरी हवी. यजमान योग्य हवा मात्र. बीएल-२१ या जातीत हे चालणार नाही, त्याचं स्वतःचं लॅक-झेड शाबूत असतं.

पांढरी कॉलनी मिळाली, म्हणजे झालं ना?

नाही. पांढरी म्हणजे संशयित, एवढंच. पाच-सहा पांढऱ्या कॉलन्या वेगवेगळ्या ट्यूबमध्ये वाढवा आणि मिनिप्रेप करा, म्हणजे त्यांतलं प्लाझ्मिड बाहेर काढा. बर्नबॉइम आणि डोली यांनी १९७९ साली दिलेली अल्कधर्मी पद्धत आजही चालते. सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस या साबणासारख्या रसायनानं पेशी फोडायच्या, पोटॅशियम अ‍ॅसिटेटने झटकन उदासीन करायचं. छोटं कडं पुन्हा जुळतं आणि पाण्यात राहतं, अवाढव्य गुणसूत्र गुंतून प्रथिनांबरोबर खाली बसतं. सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घातल्यावर ट्यूब जोरात हलवू नका, गुणसूत्र तुटून वर येतं.

मग त्याच दोन एन्झाइमांनी कापून जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) बघा. २,७०० च्या आसपास एक पट्टी आणि ९०० वर दुसरी दिसली तर तुकडा आत आहे. तरीही शेवटचा शब्द सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं एकेक करून वाचण्याचा. पीसीआरमध्ये एक अक्षर बदललं असेल तर जेलला ते कधीच दिसणार नाही.

न कापलेल्या प्लाझ्मिडच्या दोन-तीन पट्ट्या का दिसतात?

एकाच रेणूचे वेगवेगळे आकार. पीळ पडलेला पुढं पळतो, एका धाग्यात काप गेलेला मागं रेंगाळतो. घाण नाही ती.

वळवात वीज गेली, फ्रीजर बंद पडला. एन्झाइम टाकून द्यायचे का?

एप्रिल-मेमधला नेहमीचा प्रश्न. दार उघडलं नसेल तर उणे २० चा भरलेला फ्रीजर काही तास थंडी धरून ठेवतो, आणि ग्लिसरॉलमधला एन्झाइम एवढ्यानं मरत नाही. पीयूसी-१९ वर चाचणी घ्या, कापतो का बघा. खरी काळजी कॉम्पिटंट पेशींची. त्या वितळून पुन्हा गोठल्या तर कामातून गेल्या. आणि आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज एन्झाइमला वापरू नये, तो दिवसातून अनेकदा आतून गरम होतो.

माणसाचं जनुक थेट जिवाणूत घातलं तर प्रथिन बनेल का?

बहुधा नाही. आपल्या जनुकांत मध्येमध्ये इंट्रॉन, म्हणजे प्रथिनासाठी न लागणारे तुकडे, असतात, ते काढून टाकायची यंत्रणा ई. कोलायकडं नाही. म्हणून पेशीतल्या एमआरएनएपासून (इंट्रॉन काढून टाकलेल्या जनुकाच्या नकलेपासून) रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एन्झाइमने उलटा डीएनए बनवतात आणि तो घालतात. किंवा सरळ रसायनांतून जनुक तयार करतात. १९७८ मध्ये इन्सुलिनचं तसंच केलं. २१ अमिनो आम्लांची ए साखळी आणि ३० ची बी साखळी यांची जनुकं वेगवेगळी बनवली, वेगवेगळ्या जिवाणूंत वाढवली आणि नंतर साखळ्या जोडल्या. १९८२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तोवर मधुमेहींना डुकरांच्या आणि गुराढोरांच्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन घ्यावं लागे.

प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढवायच्या असतील तर ई. कोलाय कामाचा नाही, यीस्ट किंवा प्राण्यांच्या पेशी लागतात. हेपॅटायटिस बीची लस यीस्टमध्ये बनते.

उसात असं जनुक घालता येईल का?

प्रयोगशाळेत येतं. इंडोनेशियानं २०१३ साली आणि ब्राझीलनं २०१७ साली अशा उसाला परवानगी दिली आहे. पण जनुक आधी ई. कोलायमध्येच क्लोन करावं लागतं, मग ते अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूमार्फत किंवा धातूच्या कणांवर लावून ऊसाच्या पेशीत धाडतात. उसात १०० हून जास्त गुणसूत्रं असतात, त्यामुळं काम किचकट. भारतात आज शेतकरी कायदेशीरपणे लावू शकतो असं परकं जनुक घातलेलं पीक म्हणजे २००२ पासूनचा बीटी कापूस. बीटी वांग्यावर २०१० मध्ये स्थगिती आली. टिश्यू कल्चरचं रोप हे यातलं नव्हे. त्यात परकं जनुक नसतं, त्याची भीती बाळगू नका.

घरी किंवा शाळेत हे करू शकतो का?

डीएनए बघायचा असेल तर केळ्यातून काढा, जरूर. परकं जनुक जिवाणूत घालायचं असेल तर १९८९ च्या केंद्रीय नियमांखाली संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. माडीवरच्या खोलीत करायचा उद्योग नाही हा.

आता जनुकं विकत बनवून मिळतात. मग हे शिकायचं कशाला?

बनवून मिळतात, आणि घ्यावीतही. गिब्सन पद्धतीनं, म्हणजे २००९ पासून, कापण्याच्या जागांशिवायही तुकडे जोडता येतात. पण विकतचं जनुक येतं ते बहुधा प्लाझ्मिडमध्येच. कोविडच्या एमआरएनए लसींचा साचासुद्धा ई. कोलायमध्ये वाढवलेलं प्लाझ्मिड होतं. आणि आलेली ट्यूब चालली नाही तर का चालली नाही, हे शोधणारा माणूस लागतोच.

मुलीला यात नोकरी मिळेल का? (हा प्रश्न पालकांचा)

नुसत्या पदवीवर इथल्या इथं अवघड. साखर कारखाने आणि दूध संघांच्या प्रयोगशाळांत चाचण्यांचं काम मिळतं, क्लोनिंगचं नाही. त्यासाठी पुणे, हैदराबाद, बेंगळुरूकडं बघावं लागेल. मुलाखतीत मार्कांपेक्षा, फसलेला प्रयोग कसा तपासला, हे जास्त विचारतात. लॅबची वही नीट लिहायला सांगा तिला.

काम झाल्यावर प्लेटा आणि कल्चर कुठं टाकायचं?

बेसिनमध्ये अजिबात नाही. त्या जिवाणूंत अँटिबायोटिकला तोंड देणारं जनुक आहे, आणि शहरातलं सांडपाणी जयंती नाल्यातून शेवटी पंचगंगेकडंच जातं. प्लेटा, टिपा, ट्यूबा सगळं पिशवीत बांधून १२१ अंशाला, १५ पौंड दाबावर किमान २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करायचं. पिशवी गच्च भरू नका आणि तोंड घट्ट बांधू नका, वाफ आत जायला हवी. द्रव कल्चरला ताजं हायपोक्लोराइट अर्धा तास चालतं. दोन्ही मात्र एकत्र नको, हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं तर क्लोरीनचा वायू सुटतो. इथिडियम ब्रोमाइड हा डीएनए दाखवणारा रंग लागलेली जेल वेगळ्या डब्यात, लेबल लावून.